आकाशात थर लावायची घाई

माझ्या मावसभावाच्या अभिनंदनाचा फ्लेक्स घोडपदेवच्या नाक्यावर लागला, तेव्हा त्याला विमानातून एकट्याने उडी मारता येऊ लागून जेमतेम महिना झाला होता. ‘आकाशवीर’ म्हणे! फोटोत हा छाती पुढे काढून, काळा गॉगल लावून, आणि खाली शुभेच्छुक म्हणून अर्ध्या मंडळाची मुंडकी. थायलंडला जाऊन शिकला, परवाना घेऊन आला, चांगलं केलं. पण त्या परवान्याचा अर्थ एवढाच, की आता तू कोणी हात न धरता जमिनीवर परत येऊ शकतोस. बस्स. त्यासाठी फ्लेक्स?

मी आखातात नोकरीला असताना पॅराशूट घेऊन उड्या मारायला शिकले. आता परळला फिजिओथेरपी करते आणि रजा मिळाली की कुठेतरी जाऊन उड्या मारून येते. त्यामुळे नवशिके फोन करून एकच विचारतात, आता पुढे काय? कोणाला डोकं खाली करून पडायचं असतं, कोणाला पंखांचा सूट घालून तरंगायचं असतं, कोणाला छोट्या पॅराशूटची छत्री घेऊन जमिनीलगत सूं करून जायचं असतं. अरे बाबांनो, तुम्ही अजून पोटावर सरळ पडत नाही, वारा कुठून येतोय ते बघत नाही, उतरताना दर वेळी ढुंगणावर आपटता, आणि पंख कसले मागता? एकाला म्हटलं, आधी दुसऱ्यापासून लांब जायला शीक. तर तो म्हणतो, लांब कशाला, व्हिडिओत दोघं दिसायला नकोत का? कपाळ माझं!

आमचा आकाशवीर पेढे घेऊन घरी आला. बायको बरोबर होती.

“ताई, पुढच्या ट्रिपला विंगसूट. फायनल.”

“आधी माझ्याबरोबर जोडीने साधी उडी मार. हात धरायचे, वेळ झाली की सोडायचे, पाठ फिरवून लांब जायचं आणि मग छत्री उघडायची.”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्याने असं तोंड केलं की जणू मी त्याला बालवाडीत बसायला सांगितलं. हा वर्षानुवर्षं गोविंदा पथकात वरच्या थराला उभा राहिलेला माणूस. गोपाळकाला झाला की त्या पथकाचे निम्मे खांदे माझ्याकडेच येतात शेकायला. तोल, धाडस, सगळं आहे म्हणे आपल्याकडे. डोंबल!

निघताना तो खाली गाडी काढायला गेला आणि त्याची बायको जिन्यात थांबली. “ताई, मला त्यातलं काही कळत नाही. मला दिवस गेलेत, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही हो म्हणालात तर जाऊ देईन, नाही म्हणालात तर हातापाया पडून थांबवीन. फक्त खरं सांगा.” मी बरं म्हटलं. राग मला त्याचा आला होता. हिच्या पोटात गोळा, आणि हा लोकांना पेढे वाटत फिरतोय.

गेलो थायलंडला. उडीआधी जमिनीवर रंगीत तालीम करून घेतली. एकमेकांची मनगटं धरायची. मी माझे हात जोरात हलवले की सोडायचं, वळायचं, लांब पळायचं. त्याने ते मला तीनदा म्हणून दाखवलं. वर कंटाळलेला चेहरा करून म्हणाला, “ताई, मी काय पहिलीत आहे का?”

विमानातून निघालो ते मस्त. समोरासमोर, पोटावर, मनगटं धरलेली. पठ्ठ्या दात काढून हसत होता. मनगटावरच्या घड्याळात उंची उतरत गेली, ठरलेला आकडा आला, मी हात हलवले.

त्याने पकड घट्ट केली.

मी पुन्हा हलवले, आणखी जोरात. त्याने बोटं आवळली, मला जवळ ओढलं आणि मान हलवली, मी आहे ना, अशी. वेळेवर हात लागला नाही तर छत्री आपोआप उघडणारं यंत्र दोघांच्याही पाठीवर असतं. पण त्या दोन छत्र्या हातभर अंतरावर उघडल्या तर एकमेकींत गुरफटतात आणि कोणीच वाचत नाही. मी कोपर वाकवून मनगट पिरगाळलं, त्याच्या छातीत पाय मारला, सुटले आणि पळाले. इतक्या खाली मी आयुष्यात कधी छत्री उघडली नव्हती. त्याचीही उघडली, नशीब.

उतरल्यावर छत्री तशीच टाकून मी त्याच्याकडे धावले. मी ओरडले, “हात का सोडला नाहीस, गाढवा?”

तो खरंच बावरला. “तू हललीस ना ताई. हललेल्याला कोण सोडतं?”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. थरात कोणी लटपटला की बाजूच्याने त्याला आणखी घट्ट धरायचं, सोडला तर अख्खा थर खाली. हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. तोंडाने त्याने माझा धडा तीनदा म्हटला होता, पण हाताला तो कोणी शिकवलाच नव्हता. आणि या हाताला पंख पाहिजेत!

परत आल्यावर घोडपदेवला त्याच्या खोलीवर गेले. बायकोने चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं, “विंगसूटला पाठवू का ताई?”

“नाही.”

तो उसळला. “एकदा जरा घट्ट धरलं तर एवढं काय झालं? तुला दुसरं कोणी पुढे गेलेलं बघवत नाही. मंडळात सगळे हेच बोलतात.”

“मंडळाला उचल आणि विमानातून फेक,” मी म्हटलं, आणि त्याच्या बायकोला साध्या शब्दांत सगळं सांगितलं. मी हात का हलवले, त्याने काय केलं, छत्र्या तिथेच उघडल्या असत्या तर काय झालं असतं.

ती हळूहळू त्याच्याकडे वळली. “तू तर फोनवर म्हणालास, ताई वर घाबरल्या, थरथरायला लागल्या, तू त्यांना वाचवलंस. मी सगळ्या चाळीला सांगितलं रे.”

तो गोंधळून माझ्याकडे वळला. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्याला तसंच वाटत होतं.

“म्हणजे मी तुला मारत होतो?”

“हो,” मी म्हटलं. “आणि हसत होतास.”