हॅलिफॅक्सची बोली

ओरेस्ट नातियुक आमच्या सास्काटूनच्या, बर्फावरच्या हॉकी संघासाठी पोरं हुडकायचा. गावोगावच्या गारठलेल्या बाकांवर बसून त्याचं ढुंगण कायमचं गोठलंय, असं मी म्हणायचो. मी खेळाडूंच्या स्केटना धार लावतो. कोल्टन विब हा आमचा हुकमाचा एक्का ओरेस्टनेच शोधलेला. त्याचा जावई मार्कही आमच्याच संघात, बचावफळीत. दर रविवारी ओरेस्ट लेकीकडे नातीला घेऊन बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी लाटत बसायचा.

त्या जुलैत कोल्टनचा करार संपला, पण तो पुरता मोकळा नव्हता. दुसऱ्या संघाने बोली लावलीच, तर आठवडाभरात तेवढाच पगार कबूल करून आम्ही त्याला ठेवू शकत होतो. तशी बोली कुणी लावत मात्र नाही. सगळे व्यवस्थापक उन्हाळ्यात एकत्र मासे धरायला जातात. त्याच भरवशावर आमच्या व्यवस्थापकाने, डन्समोरसाहेबाने, बाकीच्यांना पगार वाटून लीगने घालून दिलेली संघाची पगारमर्यादा काठोकाठ भरून ठेवली होती.

"शेजाऱ्याच्या ताटातलं कोणी उचलत नाही," ओरेस्ट म्हणायचा.

हॅलिफॅक्सने उचललं. ओरेस्ट माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"येऊ दे की बोली. कोल्टन थोडाच जातोय?" मी म्हणालो.

"अरे, खेळाडूच्या सहीशिवाय बोली होतच नाही. सही केलीय त्याने."

माझ्या हातातला स्केट खाली पडला. ज्याला ओरेस्टने पोटच्या पोरासारखं जपलं, तो? मला पटेचना.

ओरेस्ट तडक साहेबाकडे गेला, मी मागोमाग. "साहेब, तेवढाच पगार कबूल करून बोली जुळवा. काय वाट्टेल ते करा, पण पोरगा सोडू नका."

"मग एखादा मोठ्या पगाराचा खेळाडू बाहेर काढावा लागेल."

"काढा की. बाकीचे काय आभाळातून पडलेत?"

डन्समोर त्याच्याकडे बघत राहिला. "कोणीही चालेल?"

"कोणीही."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी साहेबाने बोली जुळवली. ओरेस्ट डोनट घेऊन माझ्याकडे आला. अर्धा खातो न खातो, तोच लेकीचा, लारिसाचा फोन आला. ती इतकी रडत होती की मलाही ऐकू येत होतं.

"बाबा, मार्कला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. कोल्टनसाठी जागा करायची म्हणे."

"कुठे दिलं?"

"हॅलिफॅक्सला. पार समुद्राकाठी, बाबा."

 ओरेस्टच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"असं कोण सुचवतं हो साहेबाला?" लारिसा विचारत होती.

ओरेस्टने घास कसाबसा गिळला.

"मी," तो म्हणाला.