पंधरा एकरांचा ठिपका

आशालता गजभियेला आपल्या ऑफिसातली माणसं मनापासून तुच्छ वाटत, आणि ते ती फारसं लपवतही नसे. सिंगापूरमधल्या आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये, सहाव्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून बसलेली बारा माणसं चीनमधल्या हिवाळी गव्हाची तब्येत सांगायची. त्यातल्या दहांनी गव्हाची ओंबी फक्त पिठाच्या पिशवीवर पाहिलेली. उंटावरून शेळ्या हाकणारे तिने पुष्कळ बघितले होते. इथे उंटाच्या जागी उपग्रह होता, एवढंच.

तिचे वडील अकोल्याच्या कृषी विद्यापीठात गव्हाच्या शेतांवर रोजंदारीने राबले. थंडीत सकाळी ती त्यांच्यामागून दवातून फिरायची. पान पिवळं दिसलं की ते धोतराच्या सोग्याने पुसून बघायचे. कापडाला रंग लागला तर तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग; नाही लागला तर गहू उपाशी तरी किंवा गारठलेला तरी. पुढे त्याच विद्यापीठात ती पिकांच्या रोगांवर एम.एस्सी. झाली, आणि प्राध्यापकांनी फळ्यावर तासभर जे शिकवलं ते बापाने आपल्याला दोन बोटांत शिकवलं होतं हे तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून फळ्यावरून शिकवणाऱ्यांबद्दल तिचं मत काही चांगलं राहिलं नाही. नवरा रत्नदीप जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत इंजिनियर म्हणून लागला, त्याच्याबरोबर ती सिंगापूरला आली, आणि दोन वर्षं घरी बसून कंटाळल्यावर या कंपनीत शिरली.

तिचा साहेब निशिकांत. पुण्याचा, बुकित तिमाहच्या महागड्या कॉन्डोत राहणारा, गव्हाला 'अ‍ॅसेट' म्हणणारा. तो पिकाबद्दल बोलायला लागला की आशालता वहीत उभ्या रेघा मारत बसायची.

दोन हजार सहाचा फेब्रुवारी संपत आला होता. हेनान प्रांतातला गहू थंडीची झोप संपवून नुकता हिरवा होऊ लागला होता. त्या आठवड्याचा उपग्रहाचा नकाशा आला, आणि प्रांताच्या दक्षिणेला पीक पिवळं पडल्याची खूण म्हणून एक लालभडक डाग उमटला. निशिकांतने सगळ्यांना स्क्रीनपुढे गोळा केलं.

"तांबेरा आहे हा," तो म्हणाला.

आशालताने विचारलं, कशावरून. तो म्हणाला, सॉफ्टवेअर सांगतंय.

"नकाशावरचा तुमचा एक ठिपका म्हणजे पंधरा एकर," ती म्हणाली. "त्यात गहू आला, रस्ता आला, एखाद्याचं तळंसुद्धा आलं. पान पिवळं पडायला शंभर कारणं असतात. गारठा असेल."

निशिकांतने तिला समजावलं, की पिठाच्या गिरण्या आणि धान्याचे व्यापारी 'असेल' ऐकायला आपल्याकडे येत नाहीत. त्याच दुपारी तांबेऱ्याचा इशारा सगळ्या क्लायंटना गेला. त्या संध्याकाळी आशालताने घरी पोळ्या लाटताना निशिकांतचा इतका उद्धार केला, की रत्नदीपने टीव्हीचा आवाज वाढवला. लेक रश्मी अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "Mama, just prove it lah."

ते मात्र तिला पटलं. कंपनीने हेनानमध्ये सात बातमीदार नेमले होते. दर आठवड्याला ते चिनीत मेल पाठवायचे. पिकातलं फारसं न कळणारी हुइलिंग नावाची सिंगापुरी सहकारी त्यांचं इंग्रजी करून आशालताकडे धाडायची. आशालताने ती पत्रं वाचणं केव्हाच सोडलं होतं. त्यातला लियू नावाचा, बियाण्यांचं दुकान चालवणारा म्हातारा तर तिच्या चेष्टेचा हक्काचा विषय होता. अर्ध्या फोटोंत त्याचा अंगठा यायचा, आणि पत्रात पिकाआधी पाऊसपाणी आणि स्वतःचे गुडघे. "लियूच्या गुडघ्यांना तांबेरा झालाय," असं ती कँटीनमध्ये म्हणाली होती, आणि सगळे हसले होते. हुइलिंग सोडून.

तिने हुइलिंगकरवी लाल डागातल्या बातमीदाराला फोन लावला. पन्नास ठिकाणची पानं पांढऱ्या कागदावर घासून बघ, म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एकाही कागदाला रंग लागला नव्हता. मधल्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडून पानांची टोकं करपली होती, बाकी गहू ठणठणीत होता.

आशालता खुर्चीवरून उठली ती निशिकांतच्या केबिनकडे जायलाच. काय बोलायचं तेही ठरलं होतं. तेवढ्यात हुइलिंग फोन हातात धरून आडवी आली. म्हणाली, तिकडे थंडीची चौकशी चाललीय हे ऐकून लियूने फोन केलाय. आपल्या पत्राचं काय झालं, विचारतोय.

कुठलं पत्र?

चार फेब्रुवारीचं. आणि अकराचं.

दोन्ही मेल आशालताच्या इनबॉक्समध्ये न उघडलेले पडून होते. लियूचं गाव लाल डागापासून तीस किलोमीटरवर. नकाशावर ते सगळ्यात गर्द, सगळ्यात देखण्या हिरव्या रंगात होतं. तिथे लोकांनी भरपूर खत घातलेलं, गहू दाट माजलेला, दव दुपारपर्यंत वाळत नव्हतं. गुडघ्यांबद्दलच्या चार ओळींनंतर लियूने लिहिलं होतं, की खालच्या पानांवर पिवळ्या भुकटीच्या रेघा आहेत, आणि बोट फिरवलं की बोट पिवळं होतं.

तांबेरा नेमका अशाच माजलेल्या ओल्या पिकात आधी शिरतो. हा प्रश्न तिने परीक्षेत सोडवला होता. तिने वेळ मोजला, तो बावीस दिवसांचा निघाला.

ती केबिनमध्ये गेली आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. लाल डाग खोटा, आणि खरा तांबेरा हिरव्यात, तोही माझ्या नाकाखाली. निशिकांतचा चेहरा आधी पडला आणि मग उजळला.

"म्हणजे तांबेरा आहेच की," तो म्हणाला. "मी तेच म्हटलं होतं."

नव्या इशाऱ्यात त्याने डाग तीस किलोमीटर सरकवला आणि त्याला सुधारित माहिती असं नाव दिलं. क्लायंटनी त्याची पाठ थोपटली. आशालताने अहवालात एक ओळ घातली होती, की पहिली खबर चार तारखेला आली होती आणि ती माझ्याकडून वाचली गेली नाही. निशिकांतने ती खोडली. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता, म्हणाला. तिने ती पुन्हा घातली. त्याने पुन्हा खोडली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिला त्याचा राग आला नाही, नुसती शिसारी आली. त्यातली थोडी स्वतःचीही होती.

मार्चच्या मध्याला हुइलिंगला घेऊन ती हेनानला गेली. लियूच्या सांगण्यावरून त्याच्या गावाने वेळेत औषध मारलं होतं. तिथला गहू वाचला होता. शेजारची चार गावं, लियूने कंपनीला कळवलंय, वरून काही कळेल, म्हणून थांबली होती. त्यांची शेतं लांबूनच पिवळी दिसत होती. लियू बांधावर उभा होता, कापूस भरलेल्या जाड कोटात. त्याने आशालताचे बूट पाहिले, मग तोंड.

"तुमची दोन्ही पत्रं मला मिळाली होती," ती म्हणाली. "मी ती वाचली नाहीत."

हुइलिंग क्षणभर घुटमळली. मग तिने ते जसंच्या तसं चिनीत सांगितलं.

"मग दर आठवड्याला मी कुणाला लिहीत होतो?" त्याने विचारलं.

तो वळला आणि पिवळ्या शेतांच्या बाजूने चालू लागला. या दोघी मागून येताहेत की नाही, हे त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. त्या गेल्या. संध्याकाळपर्यंत चारही गावांतून त्याने त्यांना फिरवलं, प्रत्येक शेताच्या मालकाचं नाव सांगत. चहा विचारला नाही.

सिंगापूरला परतल्यावर आशालता उरलेल्या सहांची पत्रं सोमवारी सकाळी आल्याआल्या वाचू लागली, त्यांच्या आजारपणांसकट. ऑफिसातल्या माणसांबद्दलचं तिचं मत होतं तेच राहिलं. कँटीनमध्ये मात्र ती त्यावर बोलेनाशी झाली. लियूने त्या महिन्यापासून लिहिणं बंद केलं. निशिकांतला ते दिवाळीपर्यंत कळलं नाही.