जुळे सोलापुरात गोठलेला हँडब्रेक

मी पोचलो तेव्हा गाडीच्या मागच्या चाकावर हेअर ड्रायर चालू होता. ड्रायर धरून वसंतराव उकिडवे बसलेले. डोक्याला कानटोपी, वरून मफलर, अंगात हातानं विणलेला स्वेटर. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर लोंबत पार्किंगपर्यंत आली होती. डिकीवर मोबाईल टेकवून ठेवलेला आणि त्यात त्यांचा मुलगा चिन्मय, कॅनडाहून. तो बिचारा मान वाकडी करून करून चाक बघायचा प्रयत्न करत होता आणि वडील नेमके मध्ये येत होते.

"या मिस्त्री. ब्रेक फ्रीझ झालाय," वसंतराव म्हणाले. "चिन्मयनं बरोबर ओळखलं. त्यांच्याकडे थंडीत हे नेहमीचं आहे."

"त्यांच्याकडे असेल की," मी म्हणालो. "आपल्याकडच्या थंडीत खोबरेल तेल गोठतं, ब्रेक नाही."

"अंकल, डी-आयसर आहे का तुमच्याकडे?" मोबाईलमधून आवाज आला. डी-आयसर म्हणजे बर्फ वितळवायचा फवारा. सोलापुरात तो मिळतो का, हे विचारणाऱ्याच्या आईबापांनी त्याला इथंच लहानाचं मोठं केलंय. मी आपली हातोडी शोधत होतो.

सात रस्त्याजवळ माझं गॅरेज आहे. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढली, मग स्वतःचं सुरू केलं. सकाळी ब्रेकडाऊनचा फोन आला की जुनी व्हॅन घेऊन मी स्वतः जातो. जानेवारीत जुळे सोलापुरातून असे फोन जास्त येतात. तिथं गाड्या कापड घालून ठेवायला घेतात, चालवायला नाही.

वसंतरावांची गाडी त्यातलीच. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे पुण्याकडचे. गाडी घेऊन सहा वर्षं झाली तरी सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नाही. दसऱ्याला, पाडव्याला आणि कुणाच्या लग्नाला ती बाहेर निघते. एरवी आठवड्यातून एकदा धुतात, पुसतात, दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचतात आणि कव्हर घालतात.

हँडब्रेक म्हणजे काय, ते सांगतो. तुम्ही दांडी वर ओढता तेव्हा गाडीच्या पोटाखालून गेलेली तार ताणली जाते. मागच्या प्रत्येक चाकात एक गोल लोखंडी डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. ड्रमच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या असतात, ते ब्रेक शू. तार ताणली की शू ड्रमला आतून घट्ट चिकटतात आणि चाक धरून ठेवतात. आता ड्रममध्ये पाणी गेलं, वर हँडब्रेक गच्च ओढला, रात्रभर दव पडलं आणि गाडी जागची हलली नाही, तर आत गंज धरतो. शू आणि ड्रम एकमेकांना असे चिकटतात की दांडी खाली केली तरी सोडत नाहीत. बर्फाचा ह्यात काही संबंध नाही.

"गाडी कधी धुतली होती?" मी विचारलं.

"काल संध्याकाळी. आज आरटीओत जायचं ना. घाणेरड्या गाडीत परीक्षा कशी देणार?"

"आणि गरम पाणी कुणी ओतलं?" चाकाखाली थारोळं साचलं होतं, अजून वाफ येत होती.

"दोन बादल्या ओतल्या. गिझर फुल्ल करून." हे त्यांनी अशा अभिमानानं सांगितलं की मला कौतुकच करावं लागलं असतं. मी केलं नाही. गाडीला क्लचचा जळका वास येत होता, म्हणजे ब्रेक जाम असताना साहेबांनी रेसही भरपूर दिली होती.

तेवढ्यात जिन्यातून निर्मलाकाकू आल्या. वसंतरावांच्या पत्नी. साठीला आलेल्या, हातात प्लास्टिकचं फोल्डर आणि पुठ्ठ्यावर लाल रंगात 'एल' लिहिलेल्या दोन पाट्या. परीक्षा त्यांची होती. ड्रायव्हिंग लायसन्सची.

"सुटंल का हो मल्लिनाथ?" त्यांनी विचारलं. "साडेदहाची वेळ हाय."

"बघतो काकू. नाही सुटली तर पुढची तारीख घ्या."

"पुढची कुठली? लर्निंगची मुदत ह्या आठवड्यात संपती. मग पुन्हा पहिल्यापास्नं सगळं." त्यांनी नवऱ्याकडं बघितलं नाही. "मागच्या तारखेला टायरात हवा नव्हती. त्याच्या आधीच्याला चावी सापडत नव्हती. संध्याकाळी सापडली, ह्यांच्याच कोटात."

काकूंची आई वळसंगला भावाकडे असते. अंथरुणाला खिळलेली. काकूंना तिच्याकडे जायचं म्हटलं की आधी नवऱ्याचा मूड, मग पेट्रोलचा भाव, मग ऊन, मग रस्ता, असं सगळं जुळून यावं लागे. रिक्षानं, एसटीनं जायच्या त्या, पण गुडघे बोलायला लागले. म्हणून त्यांनी भिशीच्या पैशातून ड्रायव्हिंग स्कूल लावलं होतं. स्कूल परीक्षेला गाडी देत नव्हतं. घरची गाडी वसंतरावांनी परीक्षेपुरती कबूल केली होती, एरवी मात्र तिला काकूंचा हात लागू दिलेला नव्हता. कारण वसंतरावांच्या मते बायका ब्रेक खराब करतात.

एका उभ्या गाडीला तीन वेळा, नेमक्या परीक्षेच्याच दिवशी काहीतरी व्हावं, हे मला जरा जास्तच वाटलं. पण वसंतरावांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. मुद्दाम ब्रेक जाम करायला ब्रेक कळावा लागतो.

मी कामाला लागलो. आधी पहिल्या गिअरमध्ये आणि मग रिव्हर्समध्ये गाडीला हलका झटका देऊन बघितला. कधीकधी तेवढ्यानं गंज तुटतो. उजवं चाक सुटलं, डावं नुसतं फरफटलं. मग पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागून जॅक दिला, खाली लोखंडी घोडी ठेवली आणि डावं चाक उतरवलं. ड्रमच्या कडेकडेनं हातोडी मारत गेलो. जोर लावायचा नसतो, फिरवत फिरवत ठोकायचं असतं.

"अहो, हळू! रंग जाईल," वसंतराव ओरडले.

"साहेब, हा भाग चाकाच्या आत असतो. रंगाचं कुणाला दिसणार?"

"डॅड, त्यांना सांगा, हीट गन वापरा," चिन्मय म्हणाला.

काकूंनी डिकीवरचा मोबाईल उचलला. "बाळा, तुला उद्या ऑफिस हाय ना? झोप जा," म्हणाल्या आणि फोन बंद करून फोल्डरमध्ये टाकला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

थोड्या वेळानं 'टक्' असा आवाज आला आणि ड्रम मोकळा झाला. बाहेर ओढून बघतो तर काय, एका शूवरचा लायनर सोलून निघालेला. लायनर म्हणजे शूवर चिकटवलेली घासायची पट्टी, गाडी खरी थांबवते ती तीच. ती शूला सोडून ड्रमलाच चिकटून बसली होती. असल्या चाकावर गाडी रस्त्यावर आणायची म्हणजे ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढणार. आधीच भरपूर ट्रॅफिक, त्यात कुणाच्या तरी अंगावर जायची.

"नवीन शू लागतील," मी म्हणालो. "गॅरेज उघडून, सामान आणून, दुपार होईल. आत्ता ही गाडी मी चालवू देणार नाही. कुणालाच."

मी वसंतरावांच्या तोंडाकडे बघत होतो. मफलरमधून जेवढं दिसत होतं तेवढ्यावर हळूहळू समाधान पसरलं. नातवाचं बारसं ठरल्यासारखं.

"झालं तर मग," ते म्हणाले. "निर्मला, आता काय करणार? थंडीपुढे कुणाचं चालतं का? आणि ह्या वयात कशाला हवंय लायसन्स? मी आहे ना न्यायला."

 काकूंचे डोळे भरले होते, पण त्या रडल्या नाहीत. मला माणसाच्या रागाची सवय आहे, गॅरेजवाल्याला शिव्या रोजच्याच. पण त्यांचं ते 'एल'च्या पाट्या छातीशी धरून उभं राहणं मला बघवेना. खरं सांगायचं तर त्या वेळी हातातली हातोडी खाली ठेवलेली बरी, असं मला वाटलं.

मग काकूंनी माझ्या व्हॅनकडे बघितलं.

"ही तुमचीच का?"

"माझीच. पण लई जुनी आहे काकू. तिसरा गिअर शोधावा लागतो."

"ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दुसराबी शोधावा लागायचा. कागद हायत का?"

"इन्शुरन्स, पीयूसी, सगळं आहे."

"अगं, परक्याची गाडी परीक्षेला चालत नाही!" वसंतराव उठून उभे राहिले. गुडघ्यावर माती, हातात अजून ड्रायर.

"चालते साहेब. कागद नीट असले की कुणाचीही चालते."

काकूंचं माहेर अक्कलकोटकडचं, माझ्या घरात कानडी. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नडीरि, होगूण." चला, जाऊ या. वसंतरावांना सोलापुरात तीस वर्षं राहूनही कानडीचा शब्द कळत नाही, आणि त्या घटकेला ते फार बरं झालं. काकूंनी एलची एक पाटी पुढं, एक मागं बांधली, पदर खोचला आणि स्टिअरिंगला बसल्या. मी शेजारी. वसंतराव मागच्या दारानं चढले आणि जॅक, पाने, ऑईलच्या डब्यांमध्ये जागा करून बसले. येऊ नका, असं कुणी म्हटलं नव्हतं. या, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

आरटीओच्या ट्रॅकवर काकूंनी आठचा आकडा सावकाश पण नीट काढला. रिव्हर्सला एकदा गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली. शेवटी चढ होता. चढावर गाडी थांबवायची, हँडब्रेक लावायचा आणि मागं न घसरता पुन्हा पुढं घ्यायची. भले भले इथं गडबडतात. काकूंची व्हॅन चढावर थांबली मात्र, आणि कुंपणापलीकडून वसंतराव ओरडले, "दोन्ही हातांनी ओढ! दोन्ही हातांनी!"

शेजारी बसलेल्या इन्स्पेक्टरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हे कोण?"

"मिस्टर," काकू म्हणाल्या.

इन्स्पेक्टरनं मला हाक मारली. "ओ, त्यांना चहाला घेऊन जावा की जरा."

मी घेऊन गेलो. चहाच्या टपरीवरून चढ दिसत होता. काकूंनी एका हातानं हँडब्रेक सोडला, व्हॅन थरथरली आणि वर गेली. बोटभरसुद्धा मागं आली नाही. वसंतराव म्हणाले, "व्हॅन हलकी आहे, म्हणून जमलं." मी चहाचा दुसरा कप त्यांच्या हातात दिला, म्हणजे तोंड बंद राहावं.

काकू पास झाल्या.

गाडी मी ओढून गॅरेजला आणली होती; तयार झाल्यावर ती न्यायला दोघंही आले. मी शू बदलले होते, ड्रम साफ केले होते, दांडीची तारही जुळवून दिली होती. सवयीनं वसंतरावांनी चावीसाठी हात पुढं केला. काकूंनी माझ्या हातातून ती उचलली. आत बसल्या आणि सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडून माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वसंतराव 'अगं, अगं' करेपर्यंत चारही सीट उघड्या पडल्या होत्या.

"कुठं निघाली?" त्यांनी विचारलं.

"वळसंगला. आईकडं."

"आत्ता? मला जेवायचंय."

"डब्यात भाकरी हाय. इथंच खावा नायतर गाडीत बसा."

ते बसले. डावीकडे.

तुम्हाला कामाचं एवढंच सांगतो. गाडी धुतल्यावर लगेच उभी करू नका, थोडी फिरवा, ब्रेक वाळू द्या. बरेच दिवस काढायची नसेल तर हँडब्रेक सोडून गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा. गरम पाणी अंगावर घ्यायला ठेवा. आणि फिरवायला तुम्हाला जमत नसेल तर घरात ज्याला हौस आहे त्याला चावी द्या. वसंतरावांची गाडी त्यानंतर जाम झाल्याचा फोन मला आलेला नाही. ती आता घरी सापडतच नाही.