कागदावर बंद झालेला थिनर

माझे बाबा कपाटांच्या कारखान्यात रंगारी होते. छत्तीस वर्षं त्यांनी पत्र्याच्या कपाटांवर स्प्रे गनने रंग मारला, आणि एका कपाटावर ओघळ दिसला असेल तर शपथ. अक्षरही असं देखणं, की कारखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे मास्तरच म्हणायचे. मास्तरांना एकच खोड होती. माणूस आपला म्हटला की ते त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. त्यांचा सर्वांत आपला माणूस म्हणजे माझा मामा, आईचा सख्खा भाऊ, रंगखात्याचा सुपरवायझर. बाबांना त्यानेच तिथे चिकटवलं होतं, आणि ही गोष्ट तो दर भेटीत एकदा तरी ऐकवायचा.

मी सरकारी नोकरीत आहे, हवेच्या खात्यात. दिवसभर हवा खाते, अशी चेष्टा आमच्या नातेवाइकांत जुनी आहे. रंग, थिनर, पेट्रोल, गोंद, शाई यांतून जी रसायनं वाफ होऊन उडतात, ती देशभरात वर्षाला किती उडतात हे आम्ही मोजतो. मोजतो म्हणजे आलेल्या फॉर्मांची बेरीज करतो. तीस वर्षांची मिळून आलेखावर एक रेषा आहे. सुरुवातीला ती उंच होती. मग गाड्या सुधारल्या, पेट्रोल पंपांवर वाफ परत ओढणाऱ्या नळ्या आल्या, आणि रेषा उतरली. तो उतार खरा होता. गेल्या बारा वर्षांतला उतार मात्र बराचसा कारखान्यांचा. त्यांनी थिनरचा रंग सोडून पाण्यात कालवायचा रंग धरला, असं फॉर्म सांगत होते.

त्या फॉर्मच्या तळाशी एक चौकोन आहे, ‘मागील वर्षाप्रमाणे’. तिथे खूण केली की बाकीचं काही भरावं लागत नाही. भरणाऱ्याचं काम वाचतं आणि तपासणाऱ्याचं त्याहून जास्त. आमच्या खात्यात त्या चौकोनाइतकं लाडकं दुसरं काही नाही.

बाबांचा हात दोन वर्षांपूर्वी थरथरायला लागला. वास येईनासा झाला, साध्या गोष्टी आठवेनात. कारखान्यात कुजबुज सुरू झाली की मास्तर हल्ली ‘घेतात’. ज्या माणसाने लग्नाकार्यातसुद्धा थेंबाला हात लावला नाही, त्याच्याबद्दल ही बोली. कामगार इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून स्वच्छ सांगितलं, हे थिनरच्या वाफांचं काम आहे. कामगारांच्या वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करा, आजार कामामुळे झाला असं मान्य झालं तर उपचार जन्मभर इथेच होतील. बाबांना उपचारांचं एवढं नव्हतं. आपण दारू पीत नव्हतो, हे त्यांना सहीशिक्क्यानिशी हवं होतं.

मंडळाने विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुम्ही थिनरमध्ये काम केल्याचा पुरावा काय?

तेव्हा कुठे बाबांनी मला सगळं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी थिनरचा रंग बंद करायचा नवा नियम आला, तेव्हा मामा त्यांच्याकडे फॉर्म घेऊन आला होता.

“दाजी, अक्षर तुमचं चांगलं, तुम्हीच भरा. नवा रंग पुढच्या महिन्यात येतोय. आलाय म्हणूनच लिहा.”

“न येता कसं लिहू?”

“नाहीतर रंग मारायचा बूथ बंद होईल. तेरा माणसं घरी बसतील. माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?”

बाबांनी लिहिलं. नवा रंग आलाही, पण एक कपाट वाळायला दिवस घ्यायचा. तिसऱ्या आठवड्यात मालकाने तो परत पाठवला. तपासणीत दाखवायला रिकामी पिंपं तेवढी ठेवून घेतली आणि त्यांत पुन्हा थिनरचाच रंग भरला. पुढच्या वर्षी दुरुस्त करू, असं मामा म्हणाला होता. पुढच्या वर्षी त्याने चौकोनावर बोट ठेवलं. बाबांनी अकरा वेळा खूण केली.

“मामा आहे की,” बाबा म्हणाले. “त्याच्यासमोर झालंय सगळं. तो सांगेल.”

सुनावणीला मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. लांब टेबल, पलीकडे मंडळाचे तिघं, एका बाजूला मी. आमच्या खात्याच्या नोंदी वाचून दाखवायला मलाच पाठवलं होतं. अर्जदार माझे वडील आहेत हे मी साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, नोंद वाचायची आहे, त्यात नातं कुठे येतं?

“बारा वर्षं झाली, आमच्याकडे पाण्यातलाच रंग आहे,” मामा म्हणाला. “दरवर्षीचे फॉर्म बघा ना. दाजींनीच भरलेत. असं अक्षर दुसऱ्या कुणाचं आहे?”

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. “अरे, पिंपं तू माझ्यासमोर भरून घेतलीस.”

मामाने अध्यक्षांकडे वळून आवाज हळू केला. “आजारामुळे त्यांच्या लक्षात राहत नाही हल्ली, साहेब.”

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मी त्या खोलीत पाहिलं. बाबांचा आजारच त्याने बाबांच्या विरुद्ध साक्षीला उभा केला, तोही काळजीच्या सुरात. मला त्याच्या अंगावर फाईल भिरकावावीशी वाटली. आजही वाटते.

मग अध्यक्षांनी मला विचारलं, “तुमच्या माहितीत याहून वेगळं काही आहे?”

त्याच महिन्यात आमचा तीस वर्षांचा अहवाल निघणार होता. मुखपृष्ठावर माझी रेषा होती आणि देशभरच्या अधिकाऱ्यांपुढे ती मीच मांडणार होते. चौकोनात खूण केलेले तीन हजारांवर कारखाने माझ्या फायलींत होते. एकाचं खोटं निघालं की बाकीचे उघडावे लागले असते, आणि माझी रेषा कुठे जाऊन बसली असती कोण जाणे.

“नोंदीत नाही,” मी म्हणाले.

त्यांनी माहिती विचारली होती आणि मी नोंद सांगितली. यातला फरक मला चांगला कळत होता. अर्ज फेटाळला गेला.

बसथांब्यावर बाबा बस येते का बघत उभे होते. मग म्हणाले, “मामाचं सोड. तो पहिल्यापासून मालकाचाच.” बस आली, भरलेली होती, तशीच गेली. “पण माझे शर्ट तू धुवायचीस.”

आई गेल्यापासून ते निवृत्त होईपर्यंत, रोज. वेगळ्या बादलीत, कारण थिनरचा वास बाकीच्या कपड्यांना लागायचा. हात दोनदा साबणाने धुऊन मी ऑफिसला जायचे, आणि त्याच हातांनी त्याच कारखान्याची खूण मंजूर करायचे. मामाने मंडळापुढे खोटं बोलायला दहा मिनिटं घेतली. मी बारा वर्षं मूग गिळून बसले होते.

अहवाल वेळेवर निघाला, कौतुकही झालं. बाबा माझ्याकडेच राहतात. जेवतात, बातम्या ऐकतात, विचारलं तर उत्तर देतात. वास येत नसल्यामुळे दूध चांगलं आहे की नासलं, हे त्यांना कुणाला तरी विचारावं लागतं. मी ओट्याशीच उभी असते. ते पातेलं उचलतात, दोन्ही थरथरत्या हातांनी सांभाळत जिना उतरतात, आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना विचारून येतात.