पळी कुठे सापडली

हरवलेली वस्तू सापडल्यावर तिला हातही लावू न देणारा माणूस साऱ्या जगात एकच, आणि तो नेमका माझा व्याही निघावा, हे माझं नशीब! दोन हजार तेरा साली लेकीकडे परदेशात, बिशानला गेले, तर दुसऱ्याच सकाळी माझा चष्मा तांदळाच्या डब्यात. मी घेणार तोच नात तिकडच्या इंग्रजीत ओरडली, "आजी, डोन्ट टच ला! आबांना आधी मोजू दे." आणि आले की हो टेप घेऊन! भिंतीपासून किती, तांदळात किती खोल, सगळं वहीत. तोवर मी चाचपडत उभी. वर मलाच म्हणतात, "विहीणबाई, जागा न नोंदवता उचललेली वस्तू मुकी होते."

जन्मभर तिथल्या जुरोंग आयलंडवरच्या तेलकारखान्यांत पाइप मोजलेला हा इंजिनिअर. पण वेड कसलं, तर ग्रीसमधल्या एका बेटावरच्या पडक्या देवस्थानाचं. तिथे म्हणे पंखांची विजयादेवी तुकड्यातुकड्यांनी सापडली. डोकं नाही, हात नाहीत. कित्येक वर्षांनी एक तळवा मातीत मिळाला आणि त्याची बोटं परदेशी म्युझियमच्या खणात निघाली! असल्या मूर्ती बघून पुढचे शिल्पकार मुद्दाम बिनडोक्याचे पुतळे घडवायला लागले. मी म्हटलं, "त्याला ग्रीस कशाला हवं?" हसले नाहीत. "डोकं गेलं तरी ती पुढे झेपावतेच आहे ना?" म्हणाले आणि आतल्या खोलीकडे बघत राहिले.

आत माई, त्यांची बायको. वस्तू लपवायच्या त्या माईच. आठवण पार पुसलेली, नवऱ्यालाच विचारायच्या, "अहो, आपण कुणाकडे आलात?" व्याह्यांनी फ्लॅटच्या नकाशावर मिरजेच्या जुन्या घराचा नकाशा ठेवला, तर सगळं जुळलं. पळी सोफ्यामागे, कारण तिथे त्यांची चूल. "ती घरातच आहे हो," म्हणायचे, "फक्त मिरजेच्या. कधीतरी मलाही जागेवर ठेवील."

मग माईंनी अंथरूण धरलं. घरात काही हरवेना. तरी हे रोज टेप घेऊन कोपरे धुंडाळायचे. मला बघवेना. एका दुपारी मीच पळी चपलांच्या कपाटात ठेवली. त्यांनी अंतर मोजलं, नकाशा पाहिला, टेप गुंडाळली.

"विहीणबाई, इथे आमची विहीर होती. पळी विहिरीत टाकणारी नव्हे ती."



माई त्याच महिन्यात गेल्या. नवऱ्याला काही ओळखलं नाही त्यांनी. मी परत निघाले, चपला घ्यायला कपाट उघडलं, तर पळी तिथेच. खाली चिठ्ठी, तारीख, अंतर, आणि 'कुणी ठेवली' यापुढे बारीक अक्षरात, 'विहीणबाईंनी, माझ्यासाठी.'

नोंद झाली होती, आता उचलायला हरकत नव्हती. पण मी तिला हात लावला नाही.