पिस्तुलाच्या अर्जावरची सही

तुमच्या तोंडावर कधी कुणी थुंकलं आहे का? भर दुपारी, चार माणसांदेखत? नसेल, तर मला "जाऊ दे" म्हणण्याआधी हे शेवटपर्यंत वाचा.

आयर्लंडमधल्या लेटरकेनी गावाचा बसस्टॉप. दुपारचे साडेतीन. मी दातांच्या डॉक्टरकडून परत ऑफिसला निघाले होते. पन्नाशीचा एक माणूस चालत आला. लोकरी कोट, हातात कॉफीचा कप, पायात चकचकीत बूट. माझ्यासमोर थांबला. मला वाटलं काहीतरी विचारायचं असेल. मी हसले.

तो थुंकला. डाव्या गालावर आणि चष्म्याच्या काचेवर. म्हणाला, "गो होम." मग खिशातून रुमाल काढला, स्वतःचं तोंड पुसलं आणि चालू लागला. पळाला नाही. त्याला पळायची गरज नव्हती.

थुंकी मी पुसली. माझं ते हसू मात्र मला अजून पुसता आलेलं नाही.

स्टॉपवर आणखी तिघं होते. तिघांनीही मोबाईल काढले. फोटो घ्यायला नाही, मान खाली घालायला.

आणि समोर सिग्नलला एक गाडी उभी होती. काच अर्धी उघडी. आत सर.

सर म्हणजे आमच्या ऑफिसचे प्रमुख. मूळचे पुण्याचे, इथे वीस वर्षं. मी त्यांच्या हाताखाली सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. गावात मराठी घरं आठ, आणि आठही घरांचं पान सरांवाचून हलत नाही. भाड्याने घर घ्यायचं, ओळख म्हणून सर. आईवडिलांना बोलवायचं, पत्र सरांचं. नोकरी बदलायची, शिफारस सरांची. मी नवी आले तेव्हा त्यांनी आधी माझं गाव विचारलं, मग आडनाव, मग वडील काय करतात ते. "नागपूर महापालिकेत सफाई खात्यात होते," मी म्हणाले. "अरे वा," सर म्हणाले, आणि चहा सांगायचा राहून गेला.

तर सरांनी पाहिलं. आमची नजर भिडली. मग काच वर गेली. सिग्नल सुटला. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या किचनमध्ये ते माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "काल वाईट झालं गं. पण उलट काही बोलली नाहीस, ते बरं केलंस. आपण शेवटी पाहुणे. आणि एक सांगू? आता गाडी घे. इथे स्टॉपवर कोण उभं राहतं?"

मी पोलिसांत गेले. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, शब्दन् शब्द लिहून घेतला. विचारलं, "कोणी पाहिलं का?" मी सरांचं नाव दिलं. आठवड्याने त्याचाच फोन आला. सर म्हणाले होते, "मी गाडी चालवत होतो. मला काही दिसलं नाही."

माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात एक गोष्ट केली. कामगारांची पत्रकं छापली, वाटली. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मी अक्षरं शिकले ती "बंधू-भगिनींनो" या शब्दापासून. अन्याय झाला की लिहायचं, सह्या गोळा करायच्या, पुढे जायचं. हे माझं बाळकडूच होतं. पण सह्या कुणाच्या घ्यायच्या? ज्याने पाहिलं त्याला दिसलंच नव्हतं.

मग मला पिस्तूल हवंसं वाटू लागलं. खोटं कशाला सांगू.

टेक्सासला माझी मावसबहीण असते, वैशूताई. तिच्या दुकानात दरोडा पडला, तेव्हापासून ती कमरेला पिस्तूल लावते. परवान्याचं, कपड्याखाली झाकलेलं. मी तिला व्हिडिओ कॉल केला.

"काय करून राहिली तू? रडून राहिली?" ताई म्हणाली. "रडणं बंद कर आधी. हात दाखव. तळहात, इकडे कॅमेऱ्यात. छोटा आहे. मोठं पिस्तूल घेशील तर झटक्याने मनगट जाईल."

असा आमचा शनिवारचा वर्ग सुरू झाला. वजन किती असावं. हातात धरल्यावर बोट चापापर्यंत आरामात पोचतं की नाही. म्यान कडक हवं, चाप पूर्ण झाकणारं. वाकलं, बसलं, मूल उचललं तरी बाहेरून कळता कामा नये. "आणि बोट बाहेर," ताई पन्नासदा म्हणायची. "मारायचं नक्की होत नाही तोवर बोट चापाबाहेर. घरात बायको-पोरं असलेला माणूस असतो समोर, समजलं? आणि काढलंस तर परत ठेवता येत नाही, अशा हिशोबानेच काढायचं."

माझ्याकडे पिस्तूल नव्हतं. टीव्हीचा रिमोट होता. आरशासमोर रेनकोट घालून उभी राहायचे आणि कमरेचा रिमोट काढायचे. चेन अडकायची. पुन्हा. चेन अडकायची. ताई तिकडून ओरडायची, "मेली तू! पुन्हा मेली!" आरशातल्या त्या बाईचा मला राग यायचा. तीस वर्षांची, दोन पदव्या, हातात रिमोट.

मग गावाबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबात गेले. कुरणांच्या मधोमध पत्र्याची शेड. शिकवायला नोरा, साठीची, मेंढ्या पाळणारी, आवाज भरदार. तिने विचारलं, "का शिकायचंय?"

"संरक्षणासाठी."

शेडमधली बोलणी थांबली. नोराने मला बाजूला घेतलं. "ऐक, पोरी. या देशात त्या कारणासाठी कुणाला परवाना मिळत नाही. खिशात घेऊन फिरलीस तर गुन्हेगार तू ठरशील. इथे आम्ही कागदाला भोकं पाडतो. तेवढंच शिकायचं असेल तर ये. ग्रँड?"

मी "ग्रँड" म्हणाले, इथल्या भाषेत 'ठीक', आणि जात राहिले. क्लबचं छोटं पिस्तूल, नोरा खांद्याशी. उभं कसं राहायचं, श्वास कुठे धरायचा, चाप खेचायचा नाही, दाबायचा. हात स्थिरावला. भोकं जवळजवळ पडू लागली. मी चांगली होते, हे नोरानेही कबूल केलं. तिला हे माहीत नव्हतं की मला वर्तुळं दिसतच नव्हती. मला लोकरी कोट दिसायचा.

एका शनिवारी कोट दिसला नाही. कागदावर सरांचा चेहरा आला. वर जाणारी काच, आणि मागे सर. आणि बोट चापावर होतं.

मी पिस्तूल टेबलावर ठेवलं. नोराने बघितलं.

"कोण दिसलं?"

मी चष्मा काढला आणि काचा पुसू लागले.

"कागदावर फक्त वर्तुळं असतात," ती म्हणाली. "माणूस दिसायला लागला की त्या दिवसापुरतं पिस्तूल माझ्या हातात द्यायचं. हा माझा नियम आहे. तो मी स्वतःही पाळलाय, कागदावर माझा नवरा दिसला तेव्हा."

तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबले. परवान्याचा अर्ज आणला. त्यात कारण लिहायचं होतं, आणि माझ्या चारित्र्याची खात्री देणाऱ्या दोन माणसांची नावं आणि सह्या. ताईला फोन केला.

"खेळ म्हणून लिही ना! फॉर्म आहे तो, गीता नाही."

मी "खेळ" लिहिलं. एक सही घरमालकिणीची. दुसरीसाठी माझे पाय कुठे वळले असतील? आठ घरांचे वळतात तिथेच. ज्याने माझ्या तोंडावर काच लावली, त्याच्याच दारात मी कागद घेऊन उभी राहिले. इतकी सवय. इतकी लाचार सवय.

सरांनी वाचलं. खूश झाले. "नेमबाजी? अरे, मस्त! छान हॉबी आहे. असं इथल्या लोकांत मिसळायला हवं." पेन काढलं. एका झटक्यात सही. खाली लिहिलं, की अर्जदार प्रामाणिक आहे.

माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं. मी लिहिलेलं कारण खोटं होतं, आणि त्यावर सही मिळायला दहा सेकंदही लागले नव्हते. खऱ्यावर सही मागितली तेव्हा याच माणसाला दिसत नव्हतं.

मी त्यांच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला. "सर, यावरही एक सही द्या. त्या दिवशी सिग्नलला तुम्ही काय पाहिलंत, तेवढं दोन ओळींत."

"अगं, इमोशनल होऊ नकोस."

"दोन ओळी, सर."

"हे बघ, मला इथे राहायचंय. तुलाही राहायचंय."

"मला राहायचंय म्हणूनच मागतेय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी अर्ज उचलला, त्यांच्यासमोर "खेळ" या शब्दावर रेघ मारली आणि म्हणाले, "तुम्ही प्रामाणिक म्हणालात. ती सही मी वापरणार नाही." अर्ज फाडून त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

तिथून सरळ पोलिसांत गेले. दुसरा जबाब दिला: घटनेच्या दुसऱ्या दिवशी, ऑफिसच्या किचनमध्ये, या गृहस्थांनी मला हे हे शब्द सांगितले. त्यांचे शब्द, जसेच्या तसे. खाली माझं पूर्ण नाव. नोकरीचं काय होईल, माहीत नाही. आठपैकी सहा घरांनी मला गणपतीला बोलावलेलं नाही.

मी पिस्तूल घेणार नाही. भीती गेली म्हणून नाही. भीती आहे, रोज आहे. खोटं बोलून घेतलेलं हत्यार लपवून फिरायचं म्हणजे सरांनी सांगितलेलंच करायचं: अंग चोरायचं. मी अंग चोरणार नाही. मी त्याच स्टॉपवर उभी राहते, त्याच वेळेला, मान वर करून. पुढचा कुणी थुंकला तर त्याचा चेहरा मी लक्षात ठेवीन, मोठ्याने ओरडीन, आणि आजूबाजूच्या प्रत्येकाला नाव विचारीन.

कायदा म्हणतो, हत्यार नको. मान्य. पण हत्यार खाली ठेवायला सांगणाऱ्या समाजाने हत्याराच्या जागी माणसं उभी करायची असतात. ती कुठे आहेत? मोबाईलमध्ये मान घालून आहेत. काच वर करून आहेत.

तुम्हीही कधीतरी काही पाहिलं आहे. पाहून गप्प बसला आहात. मला ठाऊक आहे, कारण मीही बसले आहे. म्हणून हे वाचून झालं की एक कागद घ्या. तुम्ही काय पाहिलंत ते त्यावर लिहा: कुठे, कधी, कुणावर. दोन ओळी पुरेत. खाली तुमचं पूर्ण नाव घाला. आणि ज्याच्यावर ते घडलं, त्याच्या हातात तो कागद नेऊन द्या.