बंबाचा सडा

“कदम, बंबात पाणी का नव्हतं, ड्रायव्हरनं ते विकलं का, एवढंच सांगा. मगरीची गोष्ट नको.”

नगराध्यक्ष असं म्हणाले आणि सगळं सभागृह हसलं. मी माईक धरून उभा होतो. माझ्या मागं भिंतीला टेकून माझा ड्रायव्हर इसाकभाई उभा होता, दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. मागच्या बाकावर किसनमामांची सून रेखा डोक्यावर पदर घेऊन बसली होती. ती तेवढी हसली नाही. तिच्या सासऱ्याला माती देऊन अजून आठवडाही झाला नव्हता.

मी नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाचा प्रमुख. गावाचं नाव सांगत नाही. नांदेड जिल्ह्यात आहे, देगलूर-बिलोलीच्या अंगाला, एवढं पुरे. प्रमुख म्हणजे फार मोठं काही समजू नका. एक पत्र्याचं शेड, एक लाल गाडी, मोजके फायरमन. त्या गाडीला कागदोपत्री ‘फायर टेंडर’ म्हणतात, गावात बंब. गाडीच्या पोटात पाण्याची टाकी असते. गाडीच्याच इंजिनावर पंप चालतो आणि पाईपच्या टोकाच्या पितळी तोटीतून पाणी सुटतं. त्या तोटीला आम्ही ब्रँच म्हणतो. म्हणजे सगळा खेळ टाकीतल्या पाण्याचा. टाकी रिकामी असेल तर बंब म्हणजे लाल रंगाची, भोंगा वाजवणारी बैलगाडी.

आणि मगरीचं म्हणाल, तर कंधारच्या किल्ल्याच्या खंदकातून मी बंबाच्या पाईपनं मगर ओढून काढली, असं मी कधीतरी चहाच्या टपरीवर सांगितलं होतं. ती घोरपड होती. पण मोठी होती. तेव्हापासून गावात माझं नाव झालं ते झालंच. कदम साहेब एकाचे दहा करतात. करतो. आमच्या शेडमध्ये वर्षाचे बहुतेक दिवस काहीच जळत नसतं, माणसानं बसून करावं काय?

आता सडा. घरासमोर बायका सकाळी सडा घालतात, तसा आमच्या गावात कार्यक्रमासमोर बंब सडा घालतो. ही पद्धत कुणी काढली माहीत नाही. आमच्याकडची धूळच तशी आहे. पाहुणा खुर्चीवर भाषणाला बसला तर उठेपर्यंत त्याच्या डोक्यावर ज्वारी पेरता येईल. म्हणून आधी मंत्र्यांच्या हेलिपॅडवर पाणी मारलं. मग शाळेच्या मैदानावर. मग नगरसेवकांच्या लक्षात आलं, की लाल गाडी दारात आली की कार्यक्रमाला वजन येतं. मग जयंती, उरूस, भजनी सप्ताह, साखरपुडा, बारसं. एकाच्या वॉर्डात सडा पडला की दुसरा फोन करणार, “काय साहेब, आमचा वॉर्ड काय तेलंगणात हाय का?” आमच्या बंबानं जेवढ्या आगी विझवल्या, त्याच्या शंभरपट लग्नं भिजवली असतील. हे मात्र एकाचे दहा नाही.

त्या दिवशी नगर महोत्सवाचं उद्घाटन होतं. गायक पुण्याहून येणार, त्यांच्या गळ्याला धूळ चालत नाही. इसाकभाईनं दुपारी अख्खं मैदान भिजवलं. टाकीचा काटा तळाला गेला. मी म्हणालो, “भाई, भरून आण.” बंब भरायचा तर जलकुंभापाशी न्यावा लागतो, तिथल्या व्हॉल्व्हला पाईप जोडून थांबावं लागतं. इसाकभाईनं गाडी सुरू केली. तेवढ्यात अध्यक्ष स्टेजवरून उतरले.

“कुठं चाल्ली गाडी?”

“साहेब, टाकी रिकामी झाली. भरून येते,” मी म्हणालो.

“राहू द्या हो कमानीजवळ उभी. पाहुणे येऊन राहिले. लाल गाडी दिसली की जरा शोभा येते. नंतर भरा.”

इसाकभाईनं माझ्याकडं बघितलं. मी अध्यक्षांकडं बघितलं. गाडी कमानीजवळ उभी राहिली. कुणीतरी तिच्या आरशाला झेंडूची माळ घातली.

पहिलं गाणं चालू असताना फोन आला. बौद्धवाड्यात आग. किसनमामांच्या घरात कूलरची वायर पेटली होती. किसनमामा एसटीचे रिटायर कंडक्टर, लकवा मारल्यामुळं खाटेवर. रेखा नळाला पाणी आलं म्हणून गल्लीच्या टोकाला हंडे घेऊन गेली होती.

गर्दीतून बंब कसा काढला ते इसाकभाईलाच माहीत. हा माणूस गाडी चालवतो तेव्हा समोरून येणारी म्हैस सलाम करून बाजूला होते. आम्ही पोहोचलो तेव्हा आग एकाच खोलीत होती. तुम्हाला सांगतो, साधी आग होती. अशा आगी मी तोंडात पान ठेवून विझवल्या आहेत. पाईप टाकला, फायरमननं ब्रँच धरली, मी ओरडलो, “सोड पाणी!”

ब्रँचमधून गाळाच्या पाण्याची एक पिचकारी आली. मग नुसती हवा. पितळेच्या तोंडातून एवढ्या मोठ्यानं उसासा निघाला, की आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या.

“साब, पानी नै हाय,” इसाकभाई म्हणाला. मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. तरी दोघांनी पंपाकडं बघितलं, जणू पंप आम्हाला दया दाखवणार होता.

आतून किसनमामांची हाक येत होती. शब्द नव्हते, लकव्यानं जीभ गेलेली, नुसता आवाज. लोकांनी हंड्यांनी पाणी मारलं. इसाकभाई आत घुसला, तापलेले पत्रे हातांनी उचलायला लागला. त्याला दोघातिघांनी मागं ओढलं. दुसऱ्या फायरमननं गाडी जलकुंभाकडं पळवली. ती भरून आली तेव्हा छप्पर खाली बसलं होतं. मग आम्ही भरपूर पाणी मारलं. मैदानावर मारलं त्याहून जास्त. राखेवर.

इथं मी काही वाढवलेलं नाही. वाढवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता पुन्हा सभागृहात या. सर्वसाधारण सभेला आम्ही जीबी म्हणतो. विषय लेखी ठरलेले असतात. जो विषय त्या दिवशी अचानक येतो त्याला ‘ऐनवेळचा विषय’ म्हणतात. किसनमामा ऐनवेळच्या विषयात आले. आणले सुजाताताई वाघमारेंनी. त्या त्याच वॉर्डाच्या नगरसेविका, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. त्यांनी सरळ विचारलं, “बंब पाच मिनिटांत आला, मग पाणी कुठं होतं?”

उत्तर माझ्या आधी बालाजी अण्णांनी दिलं. अण्णा म्हणजे अध्यक्षांचा उजवा हात आणि दोन माणसांचा आवाज. “ड्रायव्हरनं बांधकामावर विकलं, दुसरं काय? हे लोकं असंच करून राहिले. सस्पेंड करा आन् पोलिसात द्या.”

मागं इसाकभाई उभा होता. नोकरीची शेवटची काही वर्षं. तुरुंगाची भीती नव्हती त्याला. ‘ज्यानं पाणी विकलं’ म्हणून गावात त्याचं नाव राहणार होतं, आणि ते रेखाच्या समोर म्हटलं गेलं होतं.

मी सगळं सांगितलं. सडा, काटा, कमान, शोभा. जसं घडलं तसं.

अध्यक्ष खुर्चीत मागं रेलले. “मी असं म्हणालो? मला तर आठवत नाही. कदम, तुमचं तुम्हालाच माहीत. तुमी मगर पण काढली होती ना?”

पुन्हा हशा. सीओ साहेब, म्हणजे मुख्याधिकारी, टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचायला लागले. मी अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा सभेत निव्वळ खरं बोललो होतो आणि ते कुणाला पटत नव्हतं. मला घाम फुटला. साधा नाही. जलकुंभाला पुरवता आला असता इतका.

“ठराव घ्या,” अण्णा म्हणाले. “ड्रायव्हर निलंबित. सर्वानुमते.”

“थांबा,” सुजाताताई म्हणाल्या. “माझं झालं न्हाई.”

त्या उभ्या राहिल्या. माईक चालत नव्हता, त्यांनी तो बाजूला सारला.

“मागच्या महिन्यात आमच्या चौकात कार्यक्रम होता. मी बंब मागवला. पुतळा धुवायला, रस्त्यावर सडा मारायला. इसाकभाई मला म्हणले, ताई, टाकी खाली होईल. मी काय म्हणले माहीत हाय? म्हणले, होऊ द्या. सगळ्यांच्या वॉर्डात सडा पडतो, आमच्याच दारात का पडू नये? त्यांनी पाणी मारलं. त्या दिवशी आग लागली न्हाई, एवढाच माझा शहाणपणा. किसनमामा माझे चुलत सासरे. माझं नाव प्रोसिडिंगमध्ये लिहा. सुजाता वाघमारे हिनं बंब सड्यासाठी नेला. लिहिलं? आता ज्यांनी ज्यांनी नेला, त्यांनी उभं राहावं. मग बघू कुणी पाणी विकलं ते.”

कुणी उभं राहिलं नाही. अण्णांना मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं. एक म्हातारे सदस्य उठल्यासारखे झाले, धोतर सावरलं आणि पुन्हा बसले. सगळ्या सभागृहाच्या तोंडावर एकच ओलसर रंग होता, सडा घातलेल्या अंगणासारखा.

मागच्या बाकावरून रेखा पहिल्यांदा बोलली. ती सदस्य नव्हती, तिला बोलायचा हक्क नव्हता. “त्या भाईचे हात बघा ना,” एवढंच म्हणाली.

निलंबनाचा ठराव मग कुणी मांडलाच नाही. त्याऐवजी दुसरा झाला. यापुढं बंब आगीशिवाय कोणत्याही कार्यक्रमासाठी वापरू नये. सर्वानुमते मंजूर. बाकं वाजली. अण्णांनी सगळ्यात जोरात वाजवलं. ताईंचं निवेदन प्रोसिडिंगमध्ये ‘सविस्तर चर्चा झाली’ या तीन शब्दांत आलं. अध्यक्षांच्या शोभेबद्दल तेवढेही शब्द नव्हते.

ठरावाची शाई वाळायच्या आत अण्णांचा फोन आला. म्हणजे शाई वाळली असेल, पण दमट होती.

“कदम साहेब, पुतण्याचा साखरपुडा हाय. लॉनवर लई फुफाटा उडून राहिला. एक चक्कर गाडी पाठवा.”

“अण्णा, ठराव...”

“ठराव आमीच केला ना? आमीच सांगून राहिलो.”

नाही म्हणालो तर पुढचा फोन अध्यक्षांचा येणार, त्याच्या पुढचा सीओ साहेबांचा, आणि शेवटी गाडी जाणारच. शेडच्या दारात इसाकभाई पट्टी बदलत बसला होता. त्याच्या हातावरची नवी कातडी गुलाबी दिसत होती. माझ्या डोक्यात घोरपडीची मगर करणारा जो कारखाना आहे, तो आपोआप सुरू झाला.

“पाठवतो अण्णा, आत्ता पाठवतो. फक्त एक सांगून ठेवतो, नंतर मला बोल लावू नका. टाकीत आता नवीन केमिकल मिसळलंय. वरून आदेश आहेत. आगीला एक नंबर. पण बिलोलीकडं एका लग्नात चुकून त्याचा सडा मारला, तर नवरदेवाच्या घोड्याचे सगळे केस गळाले. घोडा ओळखू येईना. व्याह्यांची अर्धी मिशी गेली. नवरीची पैठणी पांढरीफट्ट.”



“मायला! मग आगीवर कसं चालतं ते?”

“आगीला केस नसतात, अण्णा.”

“राहू द्या मग,” अण्णा म्हणाले. “टँकर बघतो.”

संध्याकाळपर्यंत ही बातमी देगलूरपर्यंत पोहोचली. परत आली तेव्हा घोडे दोन झाले होते आणि नवरदेवालाही टक्कल पडलं होतं. मी एका शब्दानं दुरुस्ती केली नाही. गायकांचा पुढचा कार्यक्रम झाला, उरूस झाला, अध्यक्षांच्या नातवाचं बारसं झालं. बंबाला एक फोन नाही. लोक तर शेडसमोरून जाताना मुलांना अलीकडून पलीकडं घ्यायला लागले.

एकदा सुजाताताई शेडवर आल्या. गाडी नुकतीच भरून आली होती, टाकीच्या झाकणातून पाणी ओघळत होतं.

“कदम साहेब, ते केमिकलचं खरं हाय का?”

“ताई, तुम्हाला काय वाटतं?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग इसाकभाईकडं. मग पुढं झाल्या, ओघळाखाली ओंजळ धरली आणि ते पाणी तोंडावर मारलं. पदरानं तोंड पुसलं. डोळे मात्र ओलेच राहिले.

“असंच सांगत राहा,” म्हणाल्या. “त्या दिवशी असं काही सुचलं असतं तर.”

इसाकभाईनं टाकीचं झाकण घट्ट बसवलं. त्याची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळं त्याला वेळ लागतो.

खात्यात इतकी वर्षं काढून मी एवढंच शिकलो. सभागृहात खरं बोललो तेव्हा माझी मगर काढली गेली. ठराव झाला तो एक साखरपुडाही अडवू शकला नाही. शेवटी टाकी भरलेली राहिली ती एका टकल्या घोड्यामुळं, जो कधी जन्मालाच आला नाही. किसनमामा मात्र खरे होते.

हे वाचून आमच्या गावचा एखादा नगरसेवक हसत हसत बंब मागायला येईल, हे मला माहीत आहे. त्याला काय सांगायचं तेही ठरलेलं आहे. म्हणेन, साहेब, तुम्ही पण त्या लेखावर विश्वास ठेवला? मला ओळखत नाही का?